ॲक्रिलिकची टाकी आणि न दिसणारा ताण

संगणकाचा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड ठेवायचे, तर उष्णता उचलणारा तांब्याचा ब्लॉक, ती हवेत सोडणारा रेडिएटर, पंप, पाण्याची टाकी आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या लागतात. यांपैकी टाकी, पंपावरचे झाकण आणि अलीकडे नळ्यांच्या जंजाळाऐवजी वापरली जाणारी, पोटात पाण्याच्या वाटा कोरलेली जाड डिस्ट्रो प्लेट, हे भाग बहुधा पारदर्शक ॲक्रिलिकचे असतात. बाजारात ते तयार मिळतात. तरीही शीट आणून, कापून, सॉल्व्हंटने सांधून ते स्वतः बनवणारे हौशी लोक बरेच आहेत. या उद्योगात शहाणपण किती आणि हौस किती, हा वादाचा विषय आहे. पुढे एक बाजू साशंकाने मांडली आहे, दुसरी कारागिराने.

साशंक : मुळात या भागांमुळे संगणक अधिक थंड होत नाही. ॲक्रिलिकची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला ०.१९ वॅटच्या आसपास, तांब्याची ४०० च्या आसपास. टाकीच्या भिंतीतून उष्णता बाहेर पडेल ही आशा सोडून द्यावी. उष्णता वाहून नेण्याचे काम पाणी करते आणि त्या कामात ते पटाईत आहे. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल आणि यंत्र ५०० वॅट उष्णता ओतत असेल, तर एका फेरीत पाण्याचे तापमान जेमतेम १.८ अंशांनी चढते. टाकी गोल करा, चौकोनी करा, हा आकडा हलत नाही. उरते ती शोभा. शोभेला आक्षेप नाही, पण तिचा भाव पाहावा. लाखाच्या घरातल्या ग्राफिक्स कार्डापासून बोटभर अंतरावर हाताने चिकटवलेला एक सांधा पाणी अडवून बसलेला असतो. न तडकणारे प्लास्टिक मिळत नाही असेही नाही. काळे ॲसिटल चिवट असते, आटे त्यात सुरेख पडतात आणि बहुतेक द्रवांना ते दाद देत नाही.

कारागीर : ॲसिटल द्रवांना दाद देत नाही, हेच त्याचे दुखणे आहे. नेहमीचा कोणताही सॉल्व्हंट त्याला विरघळवत नाही, म्हणून ते सांधता येत नाही. ठोकळ्यातून कोरूनच काढावे लागते आणि त्यासाठी मिलिंग यंत्र हवे. ॲक्रिलिक शीटच्या रूपात सहज मिळते, सुतारकामाच्या हत्यारांनी कापता येते आणि यंत्राशिवाय असे सांधता येते की दोन तुकडे एकजीव व्हावेत. पारदर्शकपणाही नुसता दिखाऊ नाही. या छंदातले लाइंगचे डीडीसी आणि डी५ हे नावाजलेले पंप आतल्या पाण्यावरच वंगण घेतात. कोरडे चालले की बेअरिंग जाते. पाणी भरताना हवा कुठे अडकली आहे, पातळी किती उतरली, रेडिएटरमधला फ्लक्सचा गाळ सुटला का, शेवाळ धरले का, हे टाकीच्या भिंतीतून दिसते. काळ्या ठोकळ्यात यातले काही दिसत नाही. जागेचा प्रश्न वेगळाच. डीडीसीच्या कारखानी झाकणाला दोन तोट्या ठरलेल्या दिशेने बसवलेल्या असतात. कॅबिनेटमध्ये नळी दुसरीकडून यायची असेल, तर झाकणच बदलावे लागते. तयार झाकण हव्या त्या मापाचे मिळेलच असे नाही.

हे साहित्य खेळण्याचेही नव्हे. १९३३ मध्ये जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने ते प्लेक्सिग्लास नावाने बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटवर तेच होते. ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर जाड अशी ॲक्रिलिकची भिंत २००२ पासून समुद्राचे पाणी अडवून उभी आहे, आणि तिच्यातही सांधे आहेत.

साशंक : चुराउमीचे उदाहरण उलट बाजूलाच जाते. तसल्या भिंतींचे सांधे सॉल्व्हंटने चिकटवलेले नसतात. फटीत द्रव मोनोमर भरून त्याचे तिथेच ॲक्रिलिक होऊ देतात आणि मग पूर्ण सांधा ठरलेल्या तापमानाला तापवून अतिशय सावकाश थंड करतात. घरच्या टेबलावर सिरिंजने सोडलेल्या द्रवाशी त्याची तुलना होत नाही. शिवाय त्या भिंतीची प्रत्येक शीट कुठून आली हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. हौशी माणूस दुकानात जाऊन '८ एमएम क्लिअर' मागतो. समोर येते ते कास्ट की एक्स्ट्रूडेड, हे दुकानदारालाही अनेकदा सांगता येत नाही.

कारागीर : हा फरक मोठा आहे, यात वाद नाही. कास्ट शीट दोन काचांमध्ये ओतून बनते, त्यामुळे तिच्या रेणूंच्या साखळ्या लांब आणि आत दबलेला ताण कमी. एक्स्ट्रूडेड शीट गरम अवस्थेत रोलरमधून ओढून काढतात. ती स्वस्त आणि जाडीला अधिक काटेकोर, पण तिच्या पोटात ओढाताण साठलेली असते आणि ड्रिलच्या उष्णतेने ती पटकन वितळून बिटाला गुंडाळते. पाण्याच्या भागांसाठी कास्टच घ्यावी. ओळखायला एक सोपी रीत आहे. एका शीटची जाडी चार ठिकाणी व्हर्निअरने मोजावी. मापे स्पष्टपणे वेगळी आली, तर ती बहुधा कास्ट. उरलेल्या तुकड्यात एक भोक पाडून पाहावे. सुटा, कोरडा भुसा पडला तर काम पुढे न्यावे. चिकट धागे निघाले तर ती शीट दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यालाच लखलाभ.

कापण्याचेही तसेच. टेबल सॉवर कार्बाइड दातांचे, बारीक दातांचे ब्लेड असावे, शीट थांबू न देता एका गतीने सरकवावी. थांबली की त्या जागी कड वितळते आणि पुन्हा थिजते. बाहेरचा आकार राउटरने, एकाच पात्याच्या बिटाने साफ करावा. भोक पाडायला लोखंडासाठीचे ११८ अंशांचे बिट जसेच्या तसे वापरू नये. ते शेवटच्या क्षणी शीटमध्ये घुसते आणि दुसऱ्या बाजूला कपचा उडवते. त्याची धार घासून बोथट, खरवडणारी करून घेतली आणि खाली लाकडाचा तुकडा धरला, की भोक स्वच्छ येते. थंड ठेवायला साबणाचे पाणी पुरते. स्पिरिट किंवा अल्कोहोल मात्र जवळही आणू नये.

साशंक : टेबल सॉ आणि राउटर किती जणांकडे असतात? बहुतेक जण संगणकावर चित्र काढून लेझर कटिंगवाल्याकडे देतात. कार्बन डायऑक्साइड लेझरच्या १०.६ मायक्रॉन लांबीच्या लहरी ॲक्रिलिक शोषून घेते, तिथल्या तिथे उकळते आणि कड काचेसारखी चमकते. ती चमक पाहून लोक हुरळतात. खरे तर ती कड क्षणात वितळून क्षणात गोठलेली असते. वरचा थर आकसू पाहतो, आतले थंड ॲक्रिलिक त्याला आकसू देत नाही, आणि त्या ओढाताणीतच तो थर घट्ट होतो. त्यावर सॉल्व्हंट लागला की काही मिनिटांत, कधी काही दिवसांनी, कडेपासून आत केसासारखे तडे धावतात. लायटर किंवा टॉर्चच्या ज्योतीने कड चमकवणाऱ्यांचे हेच होते. या साहित्यातला दोष असा की ते आतले पाणी दाखवते, बुडबुडा दाखवते, पण स्वतःतला ताण दाखवत नाही. जी कड सर्वांत देखणी, तीच सर्वांत धोक्याची.

या ठिकाणी साशंकाचे पारडे जड आहे, हे मान्य करावे लागते. चमकलेल्या कडा सांधून फसलेल्या टाक्या या छंदात पैशाला पासरी आहेत.

कारागीर : म्हणून लेझरची कड सांध्यात जशीच्या तशी वापरायची नसते. आकार मिलिमीटरभर मोठा कापून घ्यावा, मग राउटरने किंवा सपाट काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर, पाणी घालून, ३२० नंबरपासून सुरुवात करून ती कड घासून काढावी. धुरकट पण सपाट कड हवी, चकचकीत गोलसर नको; घासताना कोपरे मारले गेले तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना खोबण राहते आणि तिथेच बुडबुडे बसतात. त्यानंतर भाग ८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवून भट्टीतच थंड होऊ द्यावा. जितकी जाडी जास्त तितका वेळ जास्त. सुमारे १०५ अंशांना ॲक्रिलिक मऊ पडू लागते, म्हणून घरच्या ओव्हनच्या काट्यावर विश्वास न ठेवता आत वेगळा तापमापक ठेवावा. हे केले की साठलेला बराच ताण सुटतो.

सांधण्याची कृती हातात बसायला वेळ लागतो, पण त्यात गूढ काही नाही. भिंतीची पट्टी तळाच्या शीटवर उभी करायची आणि तिच्याखाली दर पाच-सात सेंटिमीटरवर बारीक तार किंवा टाचणी ठेवायची, म्हणजे केसाएवढी फट राहते. मग सुईच्या बाटलीतून पाण्यासारखा पातळ सॉल्व्हंट आतल्या बाजूने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोडायचा. तो केशाकर्षणाने फटीत ओढला जातो आणि धुरकट कड ओली होताच पारदर्शक दिसू लागते. सॉल्व्हंट कुठे पोहोचला ते डोळ्यांना कळते. अर्धा ते एक मिनिट दोन्ही पृष्ठभाग मऊ होऊ द्यायचे, मग तारा एकेक ओढून काढायच्या. पट्टी स्वतःच्या वजनाने खाली बसते, मऊ झालेला थर किंचित बाहेर येतो आणि बुडबुड्यांना पुढे ढकलतो. वरून जड वजन ठेवायचे नाही. जास्त दाबले की सगळा मऊ थर पिळून निघतो आणि सांधा कोरडा राहतो. गोंद दोन वस्तूंच्या मध्ये तिसरा थर बनून राहतो. इथे मात्र दोन्ही बाजूंच्या साखळ्या एकमेकींत शिरतात आणि सॉल्व्हंट उडून जातो. काही मिनिटांत भाग हाताळता येतो, दोन दिवसांत बहुतेक ताकद येते, उरलेली पुढे आठवडाभर वाढत राहते.

साशंक : तो उडून जाणारा सॉल्व्हंट कोण हुंगतो? तयार सिमेंटांत मुख्य द्रव बहुतेक वेळा डायक्लोरोमिथेन असतो. तो ४० अंशांनाच उकळतो; म्हणजे विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी बाटलीचे झाकण उघडणे हाच एक प्रयोग. श्वासातून गेला की शरीरात त्याच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१९ मध्ये घरगुती रंग काढण्याच्या द्रवांतून तो हद्दपार केला आणि २०२४ मध्ये ग्राहकांच्या सर्व व उद्योगांतल्या बहुतेक वापरांवर बंदीचा नियम काढला. आपल्याकडचे ॲक्रिलिकवाले सर्रास क्लोरोफॉर्म वापरतात, तेही उघड्या बाटलीतून, पंख्याखाली. हातमोजे घातले की झाले अशी समजूत आहे; साधे नायट्रिलचे मोजे डायक्लोरोमिथेन काही मिनिटांत पार करतो.

शिवाय हवामान. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि त्यावर हवेतली वाफ जमते. मुंबई-कोकणात जुलै महिन्यात सांधा पांढुरका, दुधाळ दिसतो तो त्यामुळे. तो दिसायला वाईट असतोच; त्यावर भरवसा किती ठेवायचा, हेही मग सांगता येत नाही.

कारागीर : या आक्षेपाला पळवाट नाही. काम मोकळ्या हवेत किंवा बाहेर ओढणाऱ्या पंख्याशेजारी करावे, बाटलीत लागेल तेवढाच द्रव काढावा, आणि पावसाळ्यात हे काम टाळावे किंवा एसीच्या कोरड्या खोलीत करावे. दोन घटकांचे, आतच घट्ट होणारे सिमेंटही मिळते. ते फटी भरते आणि जास्त टिकाऊ सांधा देते; महाग आहे आणि दोन्ही घटक एकदा मिसळले की लवकर संपवावे लागते, एवढेच. पंपाच्या दाबाच्या बाजूला तेच वापरावे.

साशंक : दाबाचा विषय निघालाच आहे, तर हिशेब करावा. डी५ पंप सुमारे ४ मीटर उंचीइतका दाब देऊ शकतो, म्हणजे अंदाजे ०.४ बार. ऐकायला किरकोळ. पण १० × २० सेंटिमीटरच्या पत्र्यावर ०.४ बार म्हणजे ८० किलोंहून अधिक भार. पंपाची बाहेरची वाट कुठे तुंबली, तर हा भार डिस्ट्रो प्लेटच्या झाकणावर येतो. त्या झाकणाला अडवणाऱ्या सांध्याची रुंदी असते शीटच्या जाडीएवढी, ५ किंवा ८ मिलिमीटर, आणि त्यात बुडबुडे किती हे नशिबावर.

कारागीर : हिशेब बरोबर आहे, आणि त्यातूनच जाडी ठरते. १० सेंटिमीटर चौरसाची भिंत, चारी कडा घट्ट धरलेल्या, वर ०.४ बार दाब: शीट ५ मिलिमीटरची असेल तर कडेजवळ ५ मेगापास्कलच्या आसपास ताण येतो. ॲक्रिलिक एका झटक्यात ७० मेगापास्कलपर्यंत ओढ सोसते, पण वर्षानुवर्षे सोसायची ओढ १० च्या आत ठेवावी असा कारखानदारांचा दंडक आहे. जाडी दुप्पट करून १० मिलिमीटर केली की ताण चौपटीने उतरून सव्वा मेगापास्कलवर येतो आणि वाकणे आठपटीने घटते. हौशी लोक जाडीत काटकसर करतात आणि दोष चिकटवण्याला देतात. आतले कोपरे काटकोनात न ठेवता गोल करावेत. तडा सुरू व्हायला टोकदार कोपऱ्यासारखी जागा नाही.

आट्यांचेही असेच. या फिटिंगचे आटे जी १/४ मापाचे असतात: बाहेरचा व्यास १३.१६ मिलिमीटर, इंचाला १९ आटे. त्यासाठी ११.८ मिलिमीटरचे भोक पाडून टॅप सरळ धरून, अर्धा वळसा पुढे आणि पाव वळसा मागे, असे आटे पाडतात. पाणी आटे अडवत नाहीत, फिटिंगच्या कॉलरखालची ओ-रिंग अडवते. म्हणून हाताने घट्ट केले की पुरे. नळकामाच्या सवयीने पांढरी टेप गुंडाळून पान्याने आवळणारा माणूस तिथे पाचर ठोकत असतो.

साशंक : सगळे नीट केले असे धरून चालू. मग परीक्षा काय घेतात? ०.५ बारपर्यंत हवा भरून काटा हलतो का पाहतात, किंवा टिश्यू पेपर पसरून एक दिवस पंप चालवतात. ही परीक्षा दाबाची झाली. काळाची परीक्षा राहिलीच. केसतडे पहिल्या दिवशी येत नाहीत. रोज गरम-थंड होण्याने, द्रवातल्या मिसळणांमुळे ते सावकाश वाढतात. ॲक्रिलिक प्रत्येक अंशाला मीटरमागे ०.०७ मिलिमीटर प्रसरण पावते, पोलाद ०.०१२. ३० सेंटिमीटरची प्लेट पोलादी कॅबिनेटला आवळून बसवली आणि तापमान २५ अंशांनी चढले, तर दोघांत सुमारे ०.४ मिलिमीटरची तफावत पडते. ती जिरवायची कुठे? स्क्रूच्या भोकांत. नागपूरच्या उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर, तर पाणी ५० च्या पुढे. हे चक्र तीन वर्षे चालल्यावर काय होते, ते एक दिवसाच्या टिश्यू पेपरला कसे कळणार?

कारागीर : भोके सैल ठेवावीत, स्क्रूखाली रबरी वॉशर घालावा. द्रव अल्कोहोलविरहित असावा. साठलेल्या ताणाची परीक्षाही घेता येते. त्याच शीटचा, त्याच पद्धतीने कापलेला आणि तापवलेला तुकडा घेऊन त्याच्या कडेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावे. ताण उरला असेल तर थोड्या वेळात तडे दिसतात. भाग वाचतो आणि माहिती मिळते.

साशंक : माहिती त्या तुकड्याची मिळते. त्यात आटे नाहीत, स्क्रू नाही, तीन बाजूंनी अडवलेला कोपरा नाही. खऱ्या भागाची अशी परीक्षा घ्यायची, तर तो भाग गमवावा लागतो. म्हणून प्रश्न असा मांडावा: कोणता सांधा चिकटवायचा आणि कोणता खोलता येईल असा ठेवायचा? दोन जाड प्लेटांमध्ये खाच कोरून २ मिलिमीटर जाडीची रबरी दोरी बसवली, खाच दीड मिलिमीटर खोल आणि २.६ ते २.७ मिलिमीटर रुंद ठेवली, तर स्क्रू आवळल्यावर दोरी चतुर्थांश दबते आणि बाजूला पसरायला तिला जागाही उरते. ती बदलता येते. चिकटवलेला सांधा फक्त फेकून देता येतो.

कारागीर : दाबाच्या बाजूला हे पटण्यासारखे आहे. पण स्क्रूही निर्दोष नाहीत. ॲक्रिलिकमध्येच आटे पाडून प्लेट आवळली तर दहा भोके म्हणजे तडे सुरू व्हायच्या दहा जागा. स्क्रू आरपार घालून मागे नट लावावा, पण मग जागा जाते, आणि कॅबिनेटमध्ये कमतरता असते ती जागेचीच. टाकीच्या भिंती, जिथे पाणी जवळपास स्वतःच्या वजनानेच उभे असते, तिथे नीट चिकटवलेला सांधा दोरीपेक्षा साधा आणि खात्रीचा. तिथे स्क्रूंची रांग लावणे म्हणजे दुखणे नसताना औषध.

इथवर येऊन मूळ वाद बराच आकसलेला दिसतो. घरी बनवावे की विकत घ्यावे, हा प्रश्न मागे पडला. पंपाच्या दाबाची बाजू खोलता येणारी असावी, टाकी चिकटवली तरी चालेल आणि लेझरची कड कच्च्या अवस्थेत सांधू नये, यावर दोघे जवळ आले आहेत. मतभेद उरला तो वापरातल्या भागाविषयी. विजेरी तिरपी धरली की केसतडे चमकतात, म्हणजे ते दिसतात तरी. कारागिराच्या मते तडा ओ-रिंगच्या खाचेपासून किंवा सांध्यापासून लांब असेल, तर त्याच्या टोकाशी खूण करून महिन्यागणिक वाढ पाहावी, आणि खाचेकडे सरकू लागला की भाग काढावा. साशंकाला ही मुदत मान्य नाही. तडा कोणत्या वेगाने वाढतो याचा तक्ता हाताने केलेल्या भागासाठी कुणाकडेच नसतो; म्हणून तो दिसला त्याच दिवशी पाणी उपसावे, असे त्याचे म्हणणे. त्यावर कारागीर विचारतो की कारखान्यात बनलेल्या भागासोबत तरी तो तक्ता कुठे येतो. आणि या प्रश्नाला साशंकाकडे समाधानकारक उत्तर नाही.